वर्गचर्चेत एकाच विद्यार्थ्याचा आवाज: त्याला न दुखावता बाकीच्यांना बोलते कसे करावे

शिक्षकांचा प्रश्न पुरता संपण्याआधीच ज्याचा हात वर गेलेला असतो, असा एखाददुसरा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. कोकण किनाऱ्यावरच्या शाळांत ही गोष्ट अधिकच ठळकपणे जाणवते, कारण येथील अनेक वाड्यावस्त्यांवरच्या शाळांची पटसंख्या मुळातच कमी आहे. पन्नास मुलांच्या वर्गात एक बोलका मुलगा गर्दीत सामावून जातो. चौदा-पंधरा मुलांच्या वर्गात तोच मुलगा सगळी तासिका व्यापून टाकतो. सुरुवातीला हे शिक्षकांच्याही सोयीचे असते. उत्तर वेळेवर मिळते, पाठ पुढे सरकतो आणि केंद्रप्रमुख भेटीला आले तर वर्ग जिवंत दिसतो. बाकीच्या मुलांना काय समजले आणि काय नाही, हे मात्र घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका हाती येईपर्यंत कळत नाही.

पाचवी ते दहावीच्या शिक्षकांना लगेच वापरता येतील अशा पायऱ्या पुढे दिल्या आहेत. त्यांच्यामागची धारणा अशी की, एकट्यानेच बोलत राहण्याची सवय बहुतेक वेळा वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीतून पोसली जाते. ती पद्धत शिक्षकांच्या हाती असल्यामुळे बदलाची सुरुवात तिथून करावी आणि मुलाकडे नंतर वळावे. बोलक्या मुलाला गप्प करणे कोणालाही जमते. पण त्याला चारचौघांत गप्प बसवले म्हणजे बुजरी मुले बोलू लागतील, हा समज चुकीचा आहे. बोलणाऱ्याचे काय होते हे डोळ्यांनी पाहिल्यावर ती आणखी मिटून बसतात.

पहिली पायरी: मोजणी

‘तो एकटाच बोलतो’ ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत सर्रास ऐकू येते, पण तो नेमके किती बोलतो हे कोणी मोजलेले नसते. एका कोऱ्या कागदावर वर्गातल्या बैठकीचा आराखडा काढावा, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन ठेवावा आणि तासिका सुरू असताना खुणा कराव्यात. मूल स्वतःहून बोलले तर उभी रेघ, शिक्षकांनी नाव घेतल्यावर बोलले तर आडवी रेघ, आणि दुसऱ्याचे बोलणे तोडून बोलले तर फुली. शिकवता शिकवता हे जमत नसेल, तर मोकळ्या तासिकेच्या एखाद्या सहशिक्षकाला मागे बसण्याची विनंती करावी. एका तासिकेवरून निष्कर्ष काढू नये; वेगवेगळ्या विषयांच्या निदान तीन तासिकांचे आराखडे शेजारी ठेवून पाहावेत, कारण गणिताला तोंड न उघडणारे मूल भूगोलाला बोलके असते आणि हे विषयशिक्षक बदलत असल्यामुळे एकट्या कोणालाच दिसत नाही.

बी.एड. करताना अमेरिकन शिक्षणसंशोधक नेड फ्लँडर्स यांची, वर्गात कोण कसे व किती बोलते हे दहा प्रकारांत नोंदवणारी, आंतरक्रिया विश्लेषण पद्धती सर्वांनी पाठ केलेली असते आणि परीक्षा झाल्यावर सहसा कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही. तिच्यातले एक निरीक्षण येथे उपयोगी पडते. फ्लँडर्स यांच्या मते वर्गातला सुमारे दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्या बोलण्यातला दोन-तृतीयांश भाग शिक्षकांचा असतो. हाच हिशेब ३५ मिनिटांच्या तासिकेला लावला, तर सगळ्या मुलांच्या वाट्याला मिळून जेमतेम आठ मिनिटे उरतात. त्यातली चार मिनिटे एकाने घेतली, तर उरलेल्या चौदा जणांच्या वाट्याला काय येते हे सांगायला नको. म्हणूनच मोजणीच्या कागदावर शिक्षकांनी स्वतःसाठीही एक चौकोन राखून ठेवावा. मुलाचे बोलणे कमी करण्याआधी आपले बोलणे कमी करता येते का, हे पाहिल्याने प्रश्नाची धार निम्म्याने बोथट होते.

आराखड्यात आणखी एक गोष्ट पाहावी. रेघा बहुधा पुढच्या आणि मधल्या बाकांवर दाटलेल्या असतात व खिडकीकडच्या, भिंतीकडच्या आणि शेवटच्या बाकांवर विरळ होत जातात. बोलक्या मुलाची जागा शिक्षकांच्या टेबलासमोर असेल, तर शिक्षकांची नजर आपोआप त्याच्यावर थांबते आणि त्यालाच बोलण्याची परवानगी मिळाल्यासारखे होते. बसण्याच्या जागा दर पंधरवड्याला सगळ्यांच्याच बदलाव्यात, म्हणजे एकालाच उठवून मागे पाठवल्यासारखे होणार नाही.

दुसरी पायरी: तो का बोलतो हे पाहणे

सतत बोलणारी सगळी मुले एका कारणाने बोलत नाहीत, त्यामुळे सर्वांना एकच औषध चालत नाही. काहींना विषयाची खरीखुरी ओढ असते. काहींना बोलल्याशिवाय विचारच करता येत नाही. त्यांची वाक्ये अर्धवट असतात, मध्येच वळतात आणि शेवटी कुठेतरी उत्तराशी पोहोचतात. काहींना घरी उत्तर दिल्याबद्दलच कौतुक मिळत आलेले असते, त्यामुळे शिक्षकांनी ‘शाब्बास’ म्हणेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. काही मुले आपल्याला वाचता-लिहिता येत नाही हे झाकण्यासाठी तोंडी भाग जोरात लढवतात. अशा मुलाची वही पाहिली की उलगडा होतो.

एक कारण शाळेनेच निर्माण केलेले असते. कोकणात वक्तृत्व स्पर्धांची परंपरा मोठी आहे. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या बॅ. नाथ पै यांच्यासारख्या फर्ड्या वक्त्याचा अभिमान या मातीत आजही आहे आणि तो रास्तच आहे. पण शाळा तालुका पातळीवरच्या स्पर्धेसाठी दरवर्षी त्याच दोन मुलांना तयार करते, तीच मुले परिपाठात सुविचार सांगतात, तीच पाहुण्यांचे स्वागत करतात, तीच आभार मानतात, आणि मग वर्गातही तीच बोलली की आपण तक्रार करतो. बोलणे हे आपलेच काम, हा त्या मुलांचा समज शाळेनेच करून दिलेला आहे. परिपाठाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावली, तर वर्गातल्या कामाला त्याची बरीच मदत होते.

एखादे मूल प्रश्न संपण्याची वाटच पाहू शकत नसेल, जागेवर स्थिर बसू शकत नसेल, खेळातही आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नसेल आणि घरूनही तेच ऐकू येत असेल, तर त्याचे निदान आपणच करू नये. पालकांना विश्वासात घेऊन तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांशी किंवा बालरोगतज्ज्ञांशी बोलणे हाच मार्ग आहे.

तिसरी पायरी: प्रश्न विचारण्याची पद्धत बदलणे

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. ‘कोण सांगेल?’ असे विचारले की उत्तर देण्याचा हक्क सर्वांत चपळ मुलाकडे जातो. सर्वांत चपळ मूल दर वेळी तेच असते. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवली की उत्तरे लांब होतात, अधिक मुले बोलू लागतात आणि जी कच्ची समजली जातात तीही त्यांत असतात. त्यांनी आणखी एका थांब्याकडे लक्ष वेधले होते, तो उत्तर मिळाल्यानंतरचा. उत्तर येताच शिक्षकांनी ‘बरोबर’ म्हटले की चर्चा तिथेच मिटते. काही न बोलता तीन सेकंद थांबले, तर तेच मूल पुढे काही जोडते किंवा दुसरे कोणीतरी त्यावर बोलते.

तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण वर्गासमोर उभे राहिल्यावर ते फार लांबतात. मनातल्या मनात पाच अंक सावकाश मोजावेत. या काळात बोलक्या मुलाचा हात वर जाणारच. त्याच्याकडे पाहून किंचित मान हलवावी, म्हणजे हात दिसला हे त्याला कळते, आणि नजर वर्गावर फिरवत राहावी.

दुसरा बदल क्रमाचा आहे. आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव. नाव आधी घेतले तर बाकीचे विचार करणे सोडून देतात. रोज एखादा प्रश्न ‘हात खाली’ ठेवून घ्यावा: कोणीही हात वर करायचा नाही, सर्वांनी वहीत एक ओळ लिहायची आणि मग शिक्षक कोणाचेही नाव घेतील. ज्याने ओळ लिहिली आहे त्याच्याजवळ वाचून दाखवायला काहीतरी असते, त्यामुळे नाव घेतल्यावर भांबावून उभे राहण्याची वेळ येत नाही. लिहिण्याची ही दोन मिनिटे वाया गेली असे वाटते, पण बुजऱ्या मुलांच्या बाबतीत याच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही, असे माझे मत आहे.

प्रश्नही तपासून पाहावा. ज्याचे उत्तर एका शब्दात आहे, त्या प्रश्नावर चर्चा होऊच शकत नाही. तिथे जो आधी बोलेल तो जिंकतो. ‘आंबा मोहोर केव्हा धरतो?’ याला एकच उत्तर आहे. ‘मोहोर आल्यावर अवकाळी पाऊस पडला, तर बागायतदाराने काय करावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा?’ याला देवगडच्या बागायतदाराच्या मुलाचे एक उत्तर असेल, बागेत मजुरीला जाणाऱ्या घरातल्या मुलीचे दुसरे आणि कॅनिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या मुलाचे तिसरे.

चौथी पायरी: पाळीचे साधन

पद्धत बदलूनही एकाच आवाजाचे वजन कमी होत नसेल, तर पाळी दिसेल असे एखादे साधन वापरावे. सर्वांत साधे साधन म्हणजे नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा. दुसरे चिंचोक्यांचे: चर्चेच्या सुरुवातीला प्रत्येकाला तीन चिंचोके द्यावेत, एकदा बोलले की एक चिंचोका मधल्या वाटीत टाकावा, आणि संपले की इतरांचे संपेपर्यंत ऐकावे. चिंचोके नसतील तर किनाऱ्यावरच्या शिंपल्याही चालतात. काजूबिया मात्र वापरू नयेत. त्या तासिका संपेपर्यंत शिल्लक राहत नाहीत.

या साधनाच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. बोलका मुलगा पहिल्या चार मिनिटांत तिन्ही चिंचोके उधळतो आणि मग तोंड फुगवून बसतो. बुजरी मुलगी ‘मलाही तसेच वाटते’ असे तीनदा म्हणून मोकळी होते. पहिल्यासाठी असा नियम करावा की, एक चिंचोका शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवायचाच. दुसरीसाठी, सहमती दाखवायची असेल तर कारण सांगायचे, ही अट सर्वांनाच घालावी. आठवड्यातून एखाद्या तासिकेपेक्षा जास्त हे वापरू नये. नेहमी वापरले की मुले मुद्द्याऐवजी चिंचोके मोजू लागतात.

जोडीने बोलण्याची पद्धत रोजच्या रोज वापरता येते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेला क्रम सोपा आहे: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे, मग वर्गासमोर मांडणी. यात कळीची गोष्ट जोडी लावण्याची आहे. सर्वांत बोलक्या मुलाला सर्वांत अबोल मुलीशेजारी बसवण्याचा मोह होतो, पण तिथे तो बोलतो आणि ती मान हलवते. दोन बोलक्यांची एक जोडी करावी. त्यांना एकमेकांशी झुंजावे लागते आणि ऐकण्याची सवय तिथेच लागते. मांडणीच्या वेळी प्रत्येकाने स्वतःचे नव्हे, तर जोडीदाराचे म्हणणे सांगायचे, एवढी एक अट घातली की ऐकल्याशिवाय सुटका नसते.

जुलै महिन्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना सबंध वर्गाची चर्चा तशीही अशक्य असते आणि जो मोठ्याने ओरडेल त्याचेच ऐकू येते. अशा दिवसांत जोडीकाम व वहीतली एक ओळ यांवरच भर द्यावा. पावसाच्या आवाजात शेजाऱ्याच्या कानाशी बोलायला एरवी लाजणारी मुलेही कचरत नाहीत.

मोठ्या घटकासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरॉन्सन यांची ‘जिगसॉ’ पद्धत घ्यावी. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात त्यांनी पाहिले की, शिक्षकांचे लक्ष मिळवण्यासाठी मुले एकमेकांशी चढाओढ करत होती. त्यावर त्यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाकडे एकेक तुकडा दिला, जेणेकरून दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय काम पुरे होणार नाही. आपल्याकडे जलदुर्गांच्या पाठाला हे चांगले लागू पडते. चार मुलांच्या गटात एकाला हर्णैचा सुवर्णदुर्ग, दुसऱ्याला विजयदुर्ग, तिसऱ्याला मालवणचा सिंधुदुर्ग आणि चौथ्याला मुरूडचा जंजिरा द्यावा. प्रत्येकाने आपल्या किल्ल्याची माहिती वाचून, तोच किल्ला मिळालेल्या इतर गटांतील मुलांशी ताडून, मग आपल्या गटात सांगावी. शेवटचा प्रश्न असा असावा: २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत यांपैकी तीन आहेत आणि जंजिरा नाही, असे का? जंजिरा सिद्दींकडे होता आणि मराठ्यांना तो अखेरपर्यंत घेता आला नाही, ही माहिती चौथ्या मुलाकडे असते आणि बाकीचे तिघे कितीही बोलके असले तरी त्यांना तिच्यासाठी थांबावे लागते. जंजिरा सर्वांत अबोल मुलाला द्यावा, हे ओघाने आलेच.

पाचवी पायरी: चालू चर्चेत अडवणे

वरचे सगळे करूनही तो मध्ये बोलणारच. त्या क्षणी काय म्हणायचे हे आधी ठरवलेले असावे, नाहीतर तोंडून ‘गप्प बस, तुलाच काय ते कळते’ असे निघून जाते. काही वाक्ये हाताशी ठेवावीत: ‘तुझा मुद्दा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, दहा मिनिटांनी तिकडे येऊ.’ ‘याच मुद्द्यावर ज्यांनी आज अजून काही सांगितले नाही त्यांचे ऐकू.’ ‘तू एक कारण दिलेस, तिथेच थांब; दुसरे कारण कोणाकडे आहे?’ कोपऱ्यात लिहिलेल्या मुद्द्याकडे खरोखर परत यावे. दोनदा विसरले की त्या वाक्यावरचा मुलाचा विश्वास उडतो.

उभे राहण्याच्या जागेचाही परिणाम होतो. मूल बोलू लागले की आपण नकळत त्याच्या बाकाकडे सरकतो, मग त्याचा आवाज लहान होतो आणि संवाद दोघांपुरता उरतो. त्याऐवजी वर्गाच्या विरुद्ध कोपऱ्यात जावे. मुलाला सर्वांना ऐकू जाईल असे बोलावे लागते, त्याची नजर इतरांवर फिरते आणि मधली मुले आपोआप चर्चेत येतात.

उपहास कटाक्षाने टाळावा. ‘बोलघेवडा’, ‘वकीलसाहेब’ अशी नावे शिक्षकांनी एकदा गमतीने जरी उच्चारली, तरी मुले ती वर्षभर वापरतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. आणि कलम २९ मध्ये मुलाला भीती व दडपणातून मुक्त करून आपली मते मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असे म्हटले आहे. ती मदत बोलक्यालाही हवी आणि अबोल्यालाही.

बोलीचा प्रश्न

येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण किनाऱ्यावरच्या वर्गांत एकाच आवाजाचे प्राबल्य पुष्कळदा हुशारीमुळे नसून भाषेमुळे असते. घरी मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी बोलणारी मुले उत्तर आधी मनात प्रमाण मराठीत बसवतात आणि मग हात वर करतात. ज्याच्या घरी पुस्तकी मराठीच बोलली जाते, त्याला हा वळसा घ्यावा लागत नाही. तो पुढे जातो, आणि शिक्षकांना तो अधिक तयारीचा वाटतो.

खारे वारे आणि मतलई वारे हा घटक घ्या. ‘दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना खारे वारे म्हणतात’ ही व्याख्या बोलका मुलगा एका दमात म्हणून दाखवतो. शिक्षक ‘छान’ म्हणतात आणि घटक संपतो. त्याऐवजी शिक्षकांनी विचारावे, ‘तुमच्याकडच्या होड्या केव्हा बाहेर पडतात, आणि का?’ आणि थांबावे. मच्छीमार वाडीतली मुलगी आधी शेजारणीकडे पाहते, मग म्हणते, ‘बाबा म्हणतत, रातीचो वारो दर्यात जाता, म्हणान होडी काळोखातच भायर काढतत.’ मागच्या बाकावर कोणीतरी हसते. अशा वेळी तिचे वाक्य सुधारून पुन्हा म्हणू नये. ते जसेच्या तसे फळ्यावर लिहावे, त्याखाली ‘मतलई वारे’ असे लिहावे आणि व्याख्या सांगणाऱ्या मुलालाच विचारावे, ‘हिच्या वाक्यातले कारण तुझ्या व्याख्येत कुठे आहे?’ जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, हे कारण व्याख्येत नसतेच. ते त्याला शोधावे लागते आणि त्यासाठी तिचे ऐकावे लागते. पुढचा प्रश्नही तयार ठेवावा: मग पावसाळ्यात हा पाळीचा वारा का जाणवत नाही? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर त्या काळात इतका असतो की दिवस-रात्रीचा हा फरक त्याखाली दबून जातो. होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हे वर्गातल्या निम्म्या मुलांनी पाहिलेले असते.

चर्चेच्या वेळी बोलीत बोलण्याची आणि लेखी उत्तर प्रमाण मराठीत लिहिण्याची मुभा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावी. हसणाऱ्यांना त्याच दिवशी आणि ठामपणे थांबवावे.

सहावी पायरी: एकांतात बोलणे आणि नवे काम देणे

दोन-तीन आठवडे पद्धत बदलल्यावर मगच त्या मुलाशी बोलावे. मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या देखत बोलावून घेऊ नये. शाळा सुटताना वह्या ठेवायला मदतीला थांबवले की सहज बोलता येते. सुरुवात कागदावरून करावी. ‘हा आपल्या वर्गाचा आराखडा. तुझ्या चौकोनात बघ किती रेघा आहेत. काय वाटते तुला?’ एवढे म्हणून थांबावे. बहुतेक मुले स्वतःच म्हणतात, ‘सर, मीच जास्त बोललो.’ मग सांगावे, ‘तू बोलतोस ते मला आवडते, ते बंद करायचे नाही. पण कोपऱ्यातल्या बाकावर दोघी आहेत, त्यांच्या चौकोनात एकही रेघ नाही. त्या बोलाव्यात म्हणून तू मला काय मदत करशील?’ मूल काही सुचवते; ते बाळबोध असले तरी आठवडाभर करून पाहावे. दोघांत एक खूणही ठरवावी, उदाहरणार्थ शिक्षकांनी खडू टेबलावर आडवा ठेवला की आता इतरांची पाळी.

काम देताना सावध राहावे. अशा मुलाला वर्गप्रमुख करण्याची चाल जुनी आहे, आणि तिने त्याचा वर्गावरचा वरचष्मा वाढतो. त्याला ऐकावे लागेल असे काम हवे: चर्चेची टिपणे घेणे, शेवटी ‘आज कोणी काय म्हटले’ हे नावांनिशी दोन मिनिटांत सांगणे, आणि दोन मतांत फरक कुठे आहे हे शोधणे. हे काम महिनाभराने दुसऱ्याकडे द्यावे. विषयाची खरी ओढ असलेल्या मुलाची भूक एवढ्याने भागत नाही. त्याला वर्गाबाहेरचे काही द्यावे, जसे गावातल्या जुन्या खलाशांशी बोलून होड्यांच्या प्रकारांची नोंदवही तयार करणे. त्याला ऐकणारा एखादा मोठा माणूस भेटला की वर्गातली घाई कमी होते.

एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असलेल्या बहुवर्ग शाळेत हा प्रश्न वेगळे रूप घेतो. तिथे सातवीचा मुलगा पाचवीच्या मुलांची उत्तरे देऊन टाकतो. अशा वेळी पाळी वयाच्या चढत्या क्रमाने लावावी: लहानांनी आधी, मोठ्यांनी त्यावर भर घालायची. मुलगे आणि मुली यांची पाळी आलटून पालटून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. मोजणीचा कागद याबाबत अनेकदा धक्का देतो.

पालकांशी बोलताना

लहान गावात बोलका मुलगा शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा, सरपंचांचा किंवा याच शाळेतल्या बाईंचा असण्याची शक्यता बरीच असते, आणि मग शिक्षकांची जीभ अडखळते. ‘तुमचा मुलगा फार बोलतो’ असे वाक्य समितीच्या बैठकीत कधीही काढू नये. घरी किंवा शाळेत एकट्याने भेटून, त्याच्या बोलण्यातल्या चांगल्या गोष्टीचे नेमके उदाहरण आधी द्यावे आणि मग सांगावे की, आता त्याला ऐकायला आणि दुसऱ्याचा मुद्दा पुढे न्यायला शिकवत आहोत. घरी ‘आज तू काय उत्तर दिलेस?’ याऐवजी ‘आज कोणाचे काय ऐकलेस?’ असे विचारावे, हेही पालकांना सुचवावे. सहशिक्षकांचे मूल असेल, तर त्यांच्याशी बोलण्याचे काम मुख्याध्यापकांवर सोपवणे बरे.

अबोल मुलांच्या पालकांना भेटणे मात्र राहून जाते. मच्छीमार पालकांसाठी त्याची एक चांगली वेळ आहे. किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते आणि शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. मधल्या सुमारे सहा आठवड्यांत वडील घरी भेटतात. मूल घरी किती आणि कशाबद्दल बोलते, एवढेच विचारून घ्यावे. जाळी विणताना दिवसभर बडबडणारी मुलगी वर्गात मुकी असेल, तर जाळीचेच एखादे उदाहरण गणिताच्या तासाला घ्यावे.

फेरतपासणी

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तसाच आराखडा भरावा. सगळ्यांच्या रेघा सारख्या व्हाव्यात ही अपेक्षा ठेवू नये. काही मुले स्वभावाने कमीच बोलतात आणि त्यांचे लिखाण भरपूर काही सांगते. एकही रेघ नसलेले चौकोन कमी झाले आणि फुल्या घटल्या, एवढे पुरे. बोलका मुलगा एकदम गप्प झाला असेल, तर मात्र ते यश समजू नये. त्याला दुखावले गेले आहे का हे विचारावे आणि दोन दिवस मुद्दाम त्याच्या आवडीच्या प्रश्नावर त्याचे नाव घ्यावे.

गणपतीच्या सुट्टीनंतर आणि पुढे शिमग्यानंतर वर्ग पुन्हा जुन्या वळणावर जातो, हे गृहीत धरावे. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ‘हात खाली’ची पद्धत रोज दोन प्रश्नांना वापरावी. वर्षअखेरीस मोजणीचे सगळे कागद तारखा घालून वर्गाच्या नोंदवहीत लावावेत आणि पुढच्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यावेत. आपली बदली झाली असेल, तर हे काम मुख्याध्यापकांकडे कागद सोपवून करावे. कोणत्या मुलाशी कोणती खूण ठरली आहे, तेही त्यावर लिहावे.